ओब्दुलियाला न विचारता

ओब्दुलिया आर्सेच्या खानावळीत शिरलेल्या प्रवाशाला आधी जेवण मिळत नसे. आधी उलटतपासणी व्हायची.

कुठून आलात, कुठं निघालात, सोबत म्हातारं कोण, पोटुशी कोण, गाडी कोणती. मग एप्रनला हात पुसत बाई स्वतः बाहेर यायची. टायरला लाथ हाणायची, वाकून गाडीचं पोट जमिनीपासून किती वर आहे ते वितीनं मोजायची आणि डिकी उघडायला लावून पाण्याचे कॅन बघायची. तोवर तव्यावरच्या मैद्याच्या पोळ्या चायो उलटवत असे. चायोच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी ओब्दुलियानं हातावर धरलं होतं, तेव्हापासून दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणत आणि सख्ख्या बहिणींसारख्या भांडत.

एल दातिलियो फाटा म्हणजे तीन घरं, एक पाण्याची टाकी आणि ही खानावळ. बाहाच्या द्वीपकल्पात उत्तरेपासून दक्षिणेच्या टोकापर्यंत सतराशे किलोमीटर एकच डांबरी रस्ता जातो, आणि बघण्यासारखं जे काही आहे ते त्या रस्त्यावर नाही. ते आत आहे. फाट्यापासून पूर्वेला कच्चा रस्ता डोंगरात चढतो, तिथं गुहांच्या छतावर जुन्या लोकांनी काढलेली हरणं आणि माणसं आहेत. पश्चिमेला मिठागरं, शिंपल्यांचा किनारा, आणि थंडीत पिल्लं घेऊन देवमासे येतात ती खाडी. कुणी कुठं वळायचं, किती वाजता, आणि कुणी अजिबात वळायचं नाही, हे ओब्दुलिया ठरवत असे. तीस वर्षं ठरवत होती.

"दोन्या, आम्हाला गुहेतली चित्रं बघायचीत," ग्वादालाहाराहून आलेला एखादा नवरा बाईला अशी मानाची हाक मारून हौसेनं म्हणायचा.

"तुम्हाला बघायचीत. तुमच्या गाडीला नाही बघायची. तिला विचारलंत?"

"मग आम्ही काय बघायचं?"

"आज काही नाही. आज झोपा. उद्या सहाला उठून पश्चिमेला अकरा किलोमीटर जा, मिठागराच्या बांधावर उभे राहा. पाणी गुलाबी दिसतं. नऊच्या आत परत. नऊनंतर तिथं नुसता उजेड असतो, बघायला काही नसतं."

टेबलावरच्या मेणकापडावर ती रस्ता मांडून दाखवायची. मिरचीच्या चटणीची वाटी म्हणजे डोंगर, चमचे म्हणजे रस्ते, पोळीचा तुकडा म्हणजे जिथं थांबायचं ते ठिकाण. सांगून झालं की ती आत जाऊन रेडिओ उचलायची. डोंगरात तेहेतीस किलोमीटरवर ला हिगेरा नावाचा बकऱ्यांचा वाडा होता. तिथं तिचा धाकटा भाऊ लासारो राहायचा.

"हिगेरा, हिगेरा. निळी गाडी, चार माणसं, दहाला निघाली. एकपर्यंत नाही दिसली तर खेचर काढ."

"काढतो बाई. काल पण काढलं. ते रस्त्यात थांबून फोटो काढत बसले होते."

"बसू देत. तू काढ."

तिचं तोंड फटकळ होतं. ट्रकवाले गमतीनं तिला 'जकातनाका' म्हणत. पण वर गेलेली प्रत्येक गाडी कुणाला तरी ठाऊक असायची, आणि तीस वर्षांत तिनं पाठवलेलं एकही माणूस वाळवंटात राहिलं नव्हतं.

राहिला होता तो तिचा नवरा. फेर्मिन ओहेदा मासळीचा ट्रक चालवायचा. एका ऑगस्टमध्ये खाडीकडून येताना त्यानं जवळची वाट म्हणून मिठागरांमागचा रस्ता धरला आणि वाटेत ट्रकचा आस मोडला. तो कुठल्या वाटेनं येतोय हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, म्हणून लोक तीन दिवस भलतीकडंच शोधत राहिले. ओब्दुलिया तेव्हा पंचवीस वर्षांची होती. चौथ्या दिवशी तो सापडला. त्यानंतर तिनं खानावळ टाकली आणि पहिल्या गिऱ्हाइकाला विचारलं, "पुढं कुठून जाणार?" तो म्हणाला, "तुला काय करायचंय?" तिनं त्याच्यापुढची बशी उचलून आत नेली.

अशा बाईपुढं एका फेब्रुवारीत गोन्सालो बेरुमेन येऊन बसला.

पस्तिशीचा, चष्मेवाला, बोलायला मऊ. ला पास शहरात त्याची छोटी कंपनी होती. मोटारीनं द्वीपकल्प उतरणाऱ्या लोकांसाठी फोनवर बघायची वाटाड्या-पुस्तिका तो तयार करत होता. "मोठ्या रस्त्याची माहिती सगळ्यांकडं आहे, दोन्या. मला आतल्या वाटा हव्यात. त्या तुमच्याकडं आहेत."

तो अकरा दिवस राहिला. सकाळ-संध्याकाळ मचाका खाल्ला. अंड्यात परतलेलं ते वाळवलेलं मांस शहरातल्या माणसाला दोन दिवसांत नकोसं होतं, पण यानं कुरकुर केली नाही. स्वतःची बशी स्वतः विसळायचा. ओब्दुलिया त्याला 'मिहो', म्हणजे 'लेका', म्हणायला लागली. याचं चायोला इतकं नवल वाटलं की तिनं विचारलं, "कोमाद्रे, ताप आलाय का तुला?"

तिनं त्याला सगळं सांगितलं. कुठल्या महिन्यात कुठली वाट बंद, कुठल्या ओढ्यात वरून घट्ट दिसणारी वाळू खाली पिठासारखी आहे, कुठं फाटक आहे आणि ते उघडल्यावर परत लावायचं. लासारोच्या वाड्यामागचा डोह सुद्धा सांगितला. खडकात साठलेलं पाणी, उन्हाळ्यात बकऱ्यांना तेवढंच.

"हा डोह लिहायचा नाही," ती म्हणाली. "बाकी लिही. पण मी ज्या अटी घातल्या त्या सगळ्या लिही. अट गाळलीस तर जागाही गाळ."

बेरुमेननं छातीवर हात ठेवला. "शब्द देतो, दोन्या." जाताना त्यानं तिचा एक फोटो काढला.

पुढच्या वसंतात फाट्यावर काहीतरी बिनसलं. गाड्या पूर्वीपेक्षा जास्त वळू लागल्या, पण खानावळीत येईनात. उत्तरेकडून यायच्या, वेग कमी करायच्या, आतला माणूस फोनकडं बघायचा आणि गाडी सरळ डोंगराच्या रस्त्याला लागायची. ओब्दुलिया दारात उभी राहून हात करायची. लोक हसून हात हलवायचे. त्यांना वाटायचं, बाई निरोप देतेय.

"जाऊ देत गं," चायो म्हणाली. "नाही विचारायचं त्यांना. मोठी माणसं आहेत."

"मोठी आहेत म्हणूनच मरतात."

मे महिन्यात लासारो खेचरावरून खाली आला. तो सहसा बोलत नसे. त्या दिवशी त्यानं टोपी टेबलावर आपटली.

"डोहावर माणसं आंघोळ करतायत, ओब्दुलिया. काल सात जण होते. अंगाला ते पांढरं तेल फासून उतरतात. पाण्यावर तवंग आलाय. बकऱ्या हुंगतात आणि मागं फिरतात. मी म्हटलं हे पिण्याचं पाणी आहे, तर एक पोरगी मला म्हणाली, 'काका, इथं लिहिलंय की पोहायची गुप्त जागा आहे.'"

"कुठं लिहिलंय?"

"फोनवर."

ओब्दुलियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण कुणी लिहिलं हे तिला तेव्हा अजून मान्य करायचं नव्हतं. अकरा दिवस जेवू घातलेल्या माणसाबद्दल तसा विचार करणं तिच्या जिवावर आलं. ती लासारोवरच ओरडली, "तू काठी घेऊन उभा राहायचं नाहीस का? तुला तोंड कशाला दिलंय देवानं?" लासारोनं टोपी उचलली आणि तसाच उपाशी परत गेला. ते तिच्या मनाला नंतर फार लागलं.

मग ऑगस्ट आला. फेर्मिनचा महिना.

त्या सकाळी साडेनऊला एक पांढरी गाडी वळली. ठेंगणी, शहरातली, पोट जमिनीला टेकलेलं. टपावर पोहायच्या दोन रबरी ट्यूब बांधलेल्या. पुढं नवरा-बायको, मागं एक म्हातारी आणि दोन लहान मुली. ओब्दुलियानं पातेलं आणि झारा उचलला आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन ते बडवलं. गाडीतला माणूस हसला, हात हलवला आणि तिला वळसा घालून गेला. मागच्या काचेतून म्हातारीनं मात्र वळून पाहिलं.

"हिगेरा, हिगेरा. पांढरी, ठेंगणी, पाच जण, दोन लेकरं. मी पाठवलेलं नाही. दिसली की सांग."

दहा वाजले, अकरा वाजले. बाहेर कोंबड्या चोच उघडी टाकून टाकीखालच्या ओलीत बसल्या होत्या. बाराला लासारो म्हणाला, "कुणी नाही." ओब्दुलियानं एप्रन सोडून चायोच्या अंगावर फेकला.

"तव्याकडं बघ. पाणी किती भरलंय?"

"चाळीस लिटर. एकटी जाऊ नकोस, कोमाद्रे."

"एकटी कुठं, लासारो वरून निघालाय. मी बाविसाव्या किलोमीटरपर्यंत जाते. ते मेले तिथंच असणार."

तिची जुनी पिकअप त्या रस्त्यावर आदळत राहिली आणि ती वाटभर शिव्यांची लाखोली वाहत राहिली. गाडीवाल्याला, त्याच्या बापाला, फोन काढणाऱ्याला, कार्दोन निवडुंगांना, उन्हाला. रडण्यापेक्षा तिला हे सोपं जायचं.

बाविसाव्या किलोमीटरला रस्ता एका कोरड्या ओढ्यात उतरतो. आदल्या सप्टेंबरच्या वादळानं त्याचा काठ वाहून नेला होता आणि खाली कमरेएवढी वाळू आणून टाकली होती. पांढरी गाडी तिथंच होती, चाकं अर्धी गाडलेली. म्हातारीच्या सुनेनं गाडीच्या सावलीत दोन्ही मुलींना निजवलं होतं. म्हातारी पालोव्हेर्देच्या विरळ झाडाखाली बसली होती, तोंड लालबुंद, ओठ फुटलेले. एका बाटलीत तळाशी चार बोटं पाणी होतं.

ओब्दुलियानं आधी मुलींना घोट घोट पाणी दिलं, म्हातारीच्या मानेवर ओलं फडकं ठेवलं.

"तुमचा माणूस?" तिनं सुनेला विचारलं.

"मदत आणायला गेलेत. फोनवर दाखवत होतं, पुढं दोन किलोमीटरवर हॉटेल आहे."

"पुढं काय आहे?"

"हॉटेल. नाही… विश्रांतीची जागा असं लिहिलंय."

"ती विहीर होती. बुजवून अठरा वर्षं झाली." ओब्दुलिया उठली. "कुणी हलायचं नाही. गाडी सोडायची नाही. सोडलीत तर मी स्वतः मारीन."

तो तिला तीन किलोमीटरवर सापडला. उलिसेस नाव त्याचं, मेहिकालीचा, शाळेत गणित शिकवायचा. तो ओढ्याच्या पात्रात भलत्या दिशेनं चालत होता. अंगातला शर्ट काढून त्यानं डोक्याला बांधला होता आणि पाठ भाजून निघाली होती. पिकअप दिसल्यावर तो गुडघ्यांवर बसला. तिनं त्याला पाणी पाजलं आणि पाजून झाल्यावर खाडकन मुस्कटात दिली.

"मी पातेलं बडवत होते ते काय लग्नाची वाजंत्री होती?"

"मला वाटलं… तुम्ही ओळखीच्याच वाटलात," तो कसाबसा म्हणाला. "तुमचा फोटो बघितला होता ना."

"कुठं?"

त्यानं फोन पुढं केला. भेगाळलेल्या काचेमागं ओब्दुलिया होती, दारात उभी, उन्हामुळं डोळे बारीक केलेली. ते कुणाला हसू वाटलं असतं. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'फाट्यावरची लाडकी दोन्या ओब्दुलिया सांगते, एकदम सोपा रस्ता आहे, बिनधास्त जा! दोन तास. कोणतीही गाडी चालेल. वाटेत पोहायला गुप्त डोह.'

तिनं ते वाचलं. चष्मा नव्हता म्हणून हात लांब करून पुन्हा वाचलं. तीस वर्षांत जे शब्द तिनं एकदाही उच्चारले नव्हते, ते तिच्या तोंडी घातले होते. ही पाच माणसं तिनंच इथं पाठवली होती, असं त्या फोनचं म्हणणं होतं. ती पिकअपचं दार धरून उभी राहिली, आणि उलिसेस घाबरून विचारत राहिला, "दोन्या, तुम्हाला बरं नाही का?"

लासारो खेचरं घेऊन आला, मग दोघांनी मिळून सगळ्यांना खाली आणलं. म्हातारीला दवाखान्यात चार दिवस काढावे लागले, पण ती वाचली. एपिफानिया तिचं नाव. सलाइन चढत असतानाच तिनं मुलाला फैलावर घेतलं. "मी म्हटलं होतं, ती बाई निरोप देत नाहीये. आपल्याला शिव्या देतेय. मला चेहरा कळतो. तू गणित शिकव!"

फाट्यावर फोनला रेघ मिळवायची तर पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढावं लागे. छप्पन्न वर्षांची ओब्दुलिया चढली.

"दोन्या! किती दिवसांनी!" बेरुमेनचा आवाज तसाच मऊ होता.

"मी कधी म्हटलं सोपा रस्ता आहे?"

"अहो, तो मजकूर माझा नाही. माझ्याकडं जाहिरातीचा माणूस आहे, त्यानं थोडं… लोकांना अटी वाचायचा कंटाळा येतो, दोन्या. लांबलचक लिहिलं की—"

"दोन पोरी तहानेनं मरत होत्या."

"अरे देवा. बऱ्या आहेत ना? बघा, खाली बारीक अक्षरांत आम्ही लिहिलंय की प्रवास ज्याच्या त्याच्या जबाबदारीवर—"

तिनं फोन खाली फेकला. तो टाकीखालच्या चिखलात पडला आणि एक कोंबडी किंचाळत पळाली.

एपिफानिया मात्र गप्प बसणारी नव्हती. तिचा एक भाचा मेहिकालीत वकील होता. त्याची नोटीस पोचली आणि ऑक्टोबरमध्ये बेरुमेन स्वतः फाट्यावर आला. विमानतळावरून भाड्यानं घेतलेली गाडी होती, छोटी, ठेंगणी. हातात कागद होता.

"एवढीच सही हवी, दोन्या. की तुम्ही मला त्या रस्त्याबद्दल सांगितलं होतं. सांगितलं तर होतंतच ना?"

चायोच्या हातातली पोळी हातातच राहिली. ओब्दुलिया ओरडेल असं तिला वाटलं. पण ओब्दुलिया अगदी हळू बोलली, आणि चायो नंतर सांगायची की तिला खरी भीती तेव्हा वाटली.

"करते सही. पण हिगेराला जाऊन. सोपा रस्ता आहे, दोन तास, कोणतीही गाडी चालते. काढ गाडी."

"आता? त्या ओढ्यात तर…"

"कुठल्या ओढ्यात? तुझ्या पुस्तिकेत ओढा नाही."

तिनं रेडिओवर लासारोला दोन वाक्यं सांगितली आणि बेरुमेनच्या शेजारी जाऊन बसली. पाणी तिनं त्या कुटुंबाकडं होतं तेवढंच घेऊ दिलं, दोन बाटल्या. बेरुमेन गाडी चालवत राहिला, तिच्याकडं बघत राहिला. चौदाव्या किलोमीटरच्या फाटकाशी तो उतरला, उघडून गाडी पुढं घेतली आणि निघाला. "लाव," ती म्हणाली. तो परत जाऊन लावून आला. बाविसाव्या किलोमीटरला त्यानं ओढा बघितला आणि ब्रेक दाबला.

"चल," ती म्हणाली. "बिनधास्त जा."

"दोन्या, हे वेडेपणाचं आहे."

"त्या पाच जणांना तू हेच सांगितलंस ना, माझ्या तोंडानं? चल."

कदाचित त्याला वाटलं, वेगात घेतली तर निघेल. ती निघाली नाही. पुढची चाकं बसली, मग मागची. त्यानं अर्धा तास हातांनी वाळू उपसली. गाडी आणखी खाली गेली. ऑक्टोबरचं ऊन ऑगस्टइतकं मारकं नसतं, पण शहरातल्या माणसाला तेवढंही पुरतं. पहिली बाटली त्यानं वाळू उपसतानाच संपवली. ओब्दुलिया त्याच पालोव्हेर्देखाली जाऊन बसली होती.

"मी चालत जातो," तो शेवटी म्हणाला. "अकराच किलोमीटर राहिलेत ना?"

"जा. फेर्मिन पण चालला."

बेरुमेन थांबला. फेर्मिनबद्दल त्यानं अकरा दिवसांत ऐकलं होतं, पण ही गोष्ट त्याला ठाऊक नव्हती.

"त्याच्या ट्रकमध्ये वीस लिटर पाणी होतं," ती म्हणाली. तिचा आवाज चढत गेला. "दोन बाटल्या घेऊन तो चालायला लागला, कारण त्याला कुणीतरी सांगितलं होतं की रस्ता जवळ आहे. कुणीतरी! सोपं आहे, जवळच आहे, असं मऊ आवाजात सांगणारा कुणीतरी. तो नऊ किलोमीटरवर सापडला. पाणी ट्रकमध्ये तसंच होतं. मी ते परत आणलं आणि त्या पाण्यानं त्याला धुतलं. कळलं? त्याच पाण्यानं! आणि तू माझा फोटो लावून माझ्या तोंडून तेच बोलायला लावलंस. माझ्या तोंडून!"

तो खाली बसला. हातांची वाळू झटकत म्हणाला, "मी वाईट माणूस नाही, दोन्या."

"असतास तर बरं झालं असतं. वाईट माणसाला मी अकरा दिवस जेवू घातलं नसतं."

"आता काय करायचं?"

"बसायचं. लासारोला मी दोनची वेळ दिलीय. मी कुणाला न सांगता कधी निघत नाही."

दोनला पाच मिनिटं कमी असताना वरच्या वळणावर खेचरांच्या टापा वाजल्या. लासारो उतरला, बेरुमेनला पाणी दिलं आणि म्हणाला, "बकऱ्या अजून त्या डोहाचं पाणी पीत नाहीत." एवढंच. कागदावर सही झाली नाही. बेरुमेननं तो स्वतःच चुरगाळून खिशात टाकला.

त्यानं मजकूर काढला, फोटो काढला, डोह काढला. त्याच्या पुस्तिकेतून काढला. पण तोवर ते सगळं इतरांनी उचललं होतं, कुणी आपल्या पानावर, कुणी आपल्या व्हिडिओत, आणि ते आता कुणाच्याच हातात नव्हतं. गाड्या वळतच राहिल्या. ओब्दुलियाला हे समजलं तेव्हा तिनं गावकीची बैठक बोलवायला लावली. डोंगराची जमीन एहिदोची, म्हणजे सगळ्यांची सामायिक, आणि कारभारी सगळे पुरुष.

"पाहुणे येतायत, येऊ देत," एकजण म्हणाला. "गावाची भरभराट आहे. तू कशाला आडवी येतेस?"

"भरभराट? दिवसभरात वीस गाड्या वळल्या, तुझ्या दुकानात किती थांबल्या?"

तो चुळबुळला. "रस्ता अडवणं बरं दिसत नाही, ओब्दुलिया. लोक काय म्हणतील?"

"आणि मेलेलं माणूस खेचरावर आडवं टाकून आणणं बरं दिसतं? तू आणलं होतंस फेर्मिनला, काबुलो. तू! तुझ्या खेचरावर. विसरलास?"

काबुलो म्हातारा झाला होता. त्यानं मान खाली घातली. मग ज्यांना हात वर करायचा नव्हता त्यांनीही केला. दुसऱ्या आठवड्यात डोंगराच्या रस्त्यावर दोन खांब रोवले, मध्ये साखळी ओढली आणि किल्ली खानावळीत खिळ्याला टांगली. ज्याला आत जायचं त्यानं आत येऊन बसायचं.

सगळेच खूश झाले नाहीत. उंच जीपवाले हॉर्न वाजवायचे, कुणी साखळीचा फोटो काढून तिला नावं ठेवायचं, एकानं तर ती कापलीच. ओब्दुलियानं जाड साखळी आणली. एपिफानिया पुढच्या जानेवारीत सुनेला आणि नातींना घेऊन आली. यावेळी मोठी गाडी होती आणि उलिसेसला घरी ठेवला होता. चौघींना ओब्दुलियानं खाडीवर देवमासे बघायला पाठवलं. परतल्यावर एपिफानिया म्हणाली, "मासा बघितला, आता साखळी बघू दे." ती साखळीला हात लावून बराच वेळ उभी होती.

बेरुमेनशी ओब्दुलिया बोलत नव्हती. त्याची पत्रं आली, तिनं उघडली नाहीत. फेब्रुवारीत बसच्या ड्रायव्हरनं त्याच्याकडून एक पाकीट आणून दिलं. आत छापलेली नवी पुस्तिका होती, कागदाची. चायोनं ती चुलीत घालायला घेतली.

"थांब," ओब्दुलिया म्हणाली. चष्मा लावला आणि दारातल्या बाकावर बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. दुपारची गिऱ्हाइकं आली तरी उठली नाही. प्रत्येक जागेआधी अटी होत्या, मोठ्या अक्षरांत. डोह नव्हता. तिचं नाव नव्हतं. डोंगराच्या रस्त्यापुढं एवढंच होतं: 'फाट्यावर किल्ली मागा. नाही म्हटलं तर जाऊ नका.'

चायो शेजारी येऊन बसली. "मग? माफ केलंस का त्याला?"

"माफ?" ओब्दुलियानं पुस्तिका तिच्या नाकापुढं नाचवली. "शिंपल्यांच्या किनाऱ्याचं पान बघ! भरतीची वेळ कायम सकाळची दिलीय. ती रोज पाऊण तास पुढं सरकते. कुणी लेकरं घेऊन त्या खडकांवर बसलं तर? आणि मिठागराचं अंतर चौदा लिहिलंय, अकरा आहे!"

ती ताडकन उठली, चायोचा फोन तिच्या खिशातून ओढून घेतला आणि टाकीकडं निघाली. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर असतानाच तिनं नंबर लावला. खालून चायोला, जेवणाऱ्या दोन ट्रकवाल्यांना आणि रस्त्यापलीकडच्या घरांनाही ऐकू आलं:

"बेरुमेन! गाढवा! कागद-पेन्सिल घे!"